राजीनाम्यातलं ‘घरगुती कारण’

परिचारिकेच्या राजीनाम्यात कारण ठरलेलं असतं: ‘घरगुती अडचणीमुळे’. माझ्या टेबलावर आलेल्या बहुतेक अर्जांत हेच होतं, माझ्या आधीच्या मेट्रनबाईंच्या फायलींतही हेच. लग्न ठरलं, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, नवऱ्याची बदली झाली, मूल लहान आहे. यातलं काहीच खोटं नसतं. पण तशीच सासू, तसाच नवरा आणि तेवढंच लहान मूल असलेली दुसरी सिस्टर शेजारच्या वॉर्डात वर्षानुवर्षं टिकून असते. मग पहिलीच का गेली? सरकारी जिल्हा रुग्णालयात सुरुवात करून मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयातून अधिसेविका म्हणून निवृत्त झाले. एवढ्या काळात माझं एक मत पक्कं झालं आहे. घरगुती म्हणून लिहिलेल्या कारणांपैकी बरीचशी रुग्णालयातच तयार होतात, आणि मग मुलीबरोबर घरी जातात.

१. पगाराचं आधी बोलावं, आणि खरं बोलावं

व्यवस्थापनाच्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘नर्सिंग ही सेवा आहे.’ म्हणणाऱ्याचा स्वतःचा पगार त्या दिवशी चर्चेला नसतो. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराबद्दल समिती नेमायला केंद्राला सांगितलं. समितीने हिशेब सरळ मांडला. २००हून जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार, १०० ते २०० खाटांना फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५०च्या आतल्या नर्सिंग होमलाही २०,००० रुपयांच्या खाली जायची मुभा नाही. ही शिफारस होती, त्यामुळे तिचं पुढे काय व्हायचं ते झालं. तालुक्याच्या गावी त्या २०,०००च्या खाली राबणारी, जीएनएम ही नर्सिंगची पदविका घेतलेली मुलगी आजही शोधावी लागत नाही. सरकारी अधिपरिचारिकेची श्रेणी सातव्या वेतन आयोगात ३५,४०० पासून सुरू होते. म्हणून सरकारी भरतीची जाहिरात निघाली की खासगी रुग्णालयांचे आयसीयू रिकामे होऊ लागतात. याला कुणी बेईमानी म्हणू नये.

तरीही माझा अनुभव असा की कमी पगार मुलगी सोसते, शेजारणीचा जास्त पगार सोसत नाही. एकाच वॉर्डात एक कायम, एक कंत्राटी आणि एक एजन्सीकडून आलेली. तिघी एकच सलाइन लावतात, एकाच बेडपॅनला हात घालतात, आणि एक तारखेला तिघींच्या मोबाइलवर तीन वेगळे आकडे येतात. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, त्यात खासगी एजन्सीमार्फत भरती नको ही मोठी मागणी होती. मला तिचं नवल वाटलं नाही. खासगीत याचंच दुसरं रूप दिसतं. जुन्या सिस्टरला दरवर्षी चिमूटभर वाढ मिळते आणि नवी मुलगी बाजारभावाने येते. मग पाच-सहा वर्षांची अनुभवी सिस्टर आपल्याहून जास्त पगाराच्या मुलीला व्हेंटिलेटरचा अलार्म कसा ओळखायचा ते शिकवत असते. असं काही महिने चाललं की तिचं ‘घरगुती कारण’ निघतंच.

२. तीन सिस्टर म्हणजे एकही नाही

‘आमच्याकडे या वॉर्डाला तीन सिस्टर आहेत,’ असं व्यवस्थापक सांगतात तेव्हा त्या तिघी रजिस्टरवर असतात. चोवीस तास, बारा महिने एक परिचारिका वॉर्डात हजर ठेवायची तर वर्षाच्या १,०९५ पाळ्या भराव्या लागतात. साप्ताहिक सुट्ट्या, हक्काच्या रजा आणि सणवार वजा केले तर एक मुलगी २७०च्या आसपास पाळ्या करते. म्हणजे एका जागेला चार जणी हव्यात, आजारपण आणि बाळंतपण धरलं तर पाच. तिघींमध्ये एक जागासुद्धा भरत नाही. उरलेल्या पाळ्या डबल ड्युटीने भरल्या जातात.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात शिक्षण रुग्णालयात ३ रुग्णांमागे एक, साध्या रुग्णालयात ५ रुग्णांमागे एक परिचारिका, आणि वर रजेसाठी ३० टक्के राखीव, असा हिशेब आहे. तपासणीच्या दिवशी सगळे पहिल्या आकड्याबद्दल बोलतात. माझी नजर त्या ३० टक्क्यांवर असायची, कारण तिथेच चोरी होते. राखीव माणसं नसली की एकीची रजा दुसरीच्या पाठीवर पडते. मग रजा मागणारी गुन्हेगार ठरते आणि मैत्रिणी मैत्रिणींवर चिडतात.

नाईटला तीस-पस्तीस रुग्णांत एकटी असलेली मुलगी दमते, हे कुणालाही दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी की सकाळी घरी जाताना तिच्या डोक्यात न झालेल्या कामांची यादी असते. १२ नंबरच्या आजोबांना दोन तासांनी कुशीवर वळवायचं राहिलं. २० नंबरचं बीपी पहाटे चारला घ्यायचं ते साडेपाचला घेतलं. ऑपरेशन झालेल्या बाईला भीती वाटत होती, तिच्याजवळ दोन मिनिटं उभं राहता आलं नाही. काम चांगलं करणाऱ्या मुलीलाच ही यादी छळते, म्हणून चांगल्या मुली आधी जातात. जिला यादीच दिसत नाही ती राहते. व्यवस्थापकाला मात्र हजेरीपटावर दोघी सारख्याच दिसतात.

लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेकडे शस्त्रक्रियेचा एक रुग्ण वाढला की महिनाभरात रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. परिचारिका पार कोमेजून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी, नोकरीबद्दल असमाधानाची १५ टक्क्यांनी वाढलेली होती. कॅलिफोर्नियाने तर १९९९ मध्ये कायदाच केला आणि २००४ पासून वॉर्डनिहाय प्रमाण बंधनकारक केलं. हे आकडे मी एका बैठकीत ठेवले होते. ‘ते अमेरिकेचं झालं,’ असं उत्तर आलं. रुग्णालयाचं नवं एमआरआय मशीन कुठलं होतं, हे विचारायचं मी टाळलं.

३. ड्युटी लिस्ट हाच खरा करारनामा

नेमणूकपत्र मुलगी एकदा वाचते, ड्युटी लिस्ट आयुष्यभर वाचते. रुग्णालयात सगळ्यांत मोठी सत्ता कुणाकडे असते, असं मला कुणी विचारलं तर मी अधिष्ठात्यांचं नाव घेणार नाही. पेन्सिल आणि खोडरबर घेऊन लिस्ट करणाऱ्या इन्चार्ज सिस्टरचं घेईन.

मुली काय बघतात? पहिलं, लिस्ट कधी लागते. उद्याची ड्युटी आज संध्याकाळी कळत असेल तर तिला मुलाच्या शाळेचं संमेलन, गॅस सिलिंडर, सासऱ्यांची डॉक्टरची वेळ यांतलं काहीच ठरवता येत नाही. घरचे मग तिला ‘तुझं काही सांगता येत नाही’ असं म्हणू लागतात. राजीनाम्याची पहिली ओळ तिथे लिहिली जाते. दुसरं, ईव्हनिंगनंतर लगेच मॉर्निंग आहे का. रात्री नऊला ओव्हर देऊन दहाला घरी, पोळ्या टाकून, भांडी आवरून बाराला पाठ टेकायची आणि सातला परत वॉर्डात. कागदावर या दोन वेगळ्या पाळ्या असतात, अंगाला ती एकच लांबलचक पाळी वाटते. तिसरं, नाईट संपल्यावरचा ऑफ खरा आहे का. सकाळी सुटल्यावर जो दिवस झोपेत जातो त्यालाच सुट्टी म्हणून मोजणारी रुग्णालयं आहेत.

चौथं, आणि याचं दुःख सर्वांत जास्त, कुणाला सतत सोयीच्या पाळ्या मिळतात. इन्चार्जच्या गावची, तिच्याबरोबर डबा खाणारी, साहेबांच्या ओळखीची. जड कामापेक्षा हा भेदभाव मुलींना लवकर बाहेर काढतो.

यावर उपाय महाग नाहीत. पुढच्या महिन्याची लिस्ट २० तारखेच्या आत लावायची. नाईट आणि सणांच्या ड्युट्या कुणी किती केल्या याचं उघडं रजिस्टर ठेवायचं. आपापसात बदल करायचा तर दोघींच्या सह्या पुरेत, माझ्या दारात यायची गरज नाही. ऑफला असलेल्या मुलीला फोन करायचा तर तो इन्चार्जने न करता मेट्रनच्या ऑफिसातून जायचा. या शेवटच्या नियमाने ‘सिस्टर, जरा या ना’चे फोन एकदम कमी झाले, कारण मला कारण सांगावं लागत होतं.

सणांचं गणित तर आमच्या मल्याळी सिस्टरांनी सोडवलं. गौरी-गणपतीला त्या उभ्या राहायच्या, नाताळला आणि ओणमला आमच्या मुली. हा व्यवहार कुठल्याही एचआरच्या धोरणात नव्हता, आणि तो मोडू नये एवढीच काळजी मी घेतली. मध्येच एका नव्या अधिकाऱ्याने ‘सगळ्यांना समान सण’ असा नियम आणायचं ठरवलं होतं. त्या वर्षी गणपतीत अर्धा स्टाफ आजारी पडला.

४. पहिलं वर्ष

मार्लीन क्रेमर या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेचं ‘रिअ‍ॅलिटी शॉक’ हे पुस्तक १९७४ मध्ये आलं. नव्या मुली व्यवसाय का सोडतात, हाच त्याचा विषय. कॉलेजात शिकवलेलं आणि वॉर्डात चालणारं यांच्यातली दरी, असं तिने सांगितलं. आपल्याकडे त्या दरीवर एक खास पूल बांधलेला असतो: ‘आम्हीपण असंच शिकलो.’ पहिल्या महिन्यात नाईटला एकटी टाकायची, चुकली की सगळ्यांदेखत बोलायचं, रडली की ‘मग कशाला आलीस?’ म्हणायचं.

नव्या मुलीला सहा महिने एका अनुभवी सिस्टरशी जोडून द्यावं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण त्या अनुभवी सिस्टरचे दोन-तीन रुग्ण कमी केले नाहीत तर ही जोडी फक्त फायलीत राहते. शिकवायला वेळ लागतो, आणि तो कुणाच्या तरी वाटणीतून काढावाच लागतो.

५. इन्चार्ज, आणि राऊंडवरचे साहेब

उत्तम सिस्टर म्हणजे उत्तम इन्चार्ज, असं आपण धरून चालतो. सेवाज्येष्ठतेने बढती मिळते. माणसं सांभाळण्याचं शिक्षण शून्य. तिच्या हाताखालच्या मुली मग वॉर्ड बदलून मागतात, तो मिळाला नाही की रुग्णालय बदलतात. एकाच रुग्णालयात एका मजल्यावर वर्षभर एकही राजीनामा नाही आणि वरच्या मजल्यावर दर महिन्याला निरोप समारंभ, हे मी पाहिलं आहे. पगार दोन्ही मजल्यांवर तोच होता.

डॉक्टरांचं ओरडणं हा वेगळा विषय. रुग्णाच्या नातेवाइकांसमोर ‘अक्कल आहे का?’ ऐकलेली मुलगी त्या दिवशी काही बोलत नाही. ती एक गोष्ट बघून ठेवते: इन्चार्ज त्या वेळी गप्प बसली की म्हणाली, ‘सर, आपण चेंबरमध्ये बोलू.’ एवढ्या एका वाक्यावर मुली वर्षं काढतात. मोठे सर्जन रुग्णालयाला पैसा आणतात म्हणून त्यांना कुणी बोलत नाही, हे मुलींना व्यवस्थापनाइतकंच कळतं.

अमेरिकेत परिचारिकांचा तुटवडा असताना काही रुग्णालयांत मात्र त्या टिकून होत्या. अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगने अशी ४१ रुग्णालयं निवडून १९८३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे सापडलेल्या गोष्टी साध्याच होत्या. वरिष्ठ परिचारिका सहज भेटणारी, निर्णयात परिचारिकांचा शब्द, डॉक्टरांशी बरोबरीचं बोलणं, पाळ्यांत लवचीकपणा, शिकत राहण्याची सोय. यांतल्या बहुतेक गोष्टींना अंदाजपत्रकात वेगळं खातं लागत नाही, त्यामुळे त्यांच्यावर कुणी बैठकही बोलावत नाही.

६. कुलूप, दिवा आणि तक्रारदार

नोव्हेंबर १९७३ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला, तेव्हा त्या कपडे बदलायला तळघरात गेल्या होत्या. मे २०१५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. लोक त्या शुश्रूषेबद्दल बोलतात, आणि बोलावंच. मी नव्या इमारतीचा नकाशा हातात घेतला की मला ते तळघर आठवतं. परिचारिकांनी कपडे कुठे बदलायचे? दाराला आतून कडी आहे का? वॉर्डापासून स्वच्छतागृह किती लांब आहे, आणि मधल्या बोळात दिवा आहे का? वास्तुविशारदांना हे प्रश्न किरकोळ वाटतात. नाईटच्या मुलीला ते किरकोळ वाटत नाहीत.

नातेवाइकांच्या मारहाणीविरुद्ध महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. त्याची पाटी प्रत्येक कॅज्युअल्टीत लावलेली असते. पण पोलीस ठाण्यात फिर्यादी कोण होणार, हा खरा प्रश्न. रुग्णालय स्वतः फिर्याद देऊन वकील उभा करत असेल तर मुलगी दुसऱ्या दिवशी कामावर येते. ‘तुझी तक्रार आहे, तूच दे, पण आपलं नाव पेपरात यायला नको’ असं तिने ऐकलं तर तिचे वडीलच तिला न्यायला येतात. अर्जात पुन्हा घरगुती अडचण.

७. नऊ ते सहाचं पाळणाघर

२०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. दिवसातून चार वेळा आईला बाळाकडे जाऊन येता यावं, हेही कायद्यात आहे. कितीतरी ठिकाणी कायदा पाळलाही जातो, पाळणाघर नऊला उघडतं आणि सहाला बंद होतं. मॉर्निंग सातला सुरू होते. ईव्हनिंग रात्री नऊला सुटते. हे पाळणाघर ऑफिसातल्या बायकांसाठी बांधलेलं असतं, आणि रुग्णालयात जास्त बायका वॉर्डात असतात. आठ-दहा वर्षं मुरलेली, आयसीयू एकटीने पेलणारी सिस्टर नेमकी तिशीत, पहिल्या-दुसऱ्या मुलाच्या वेळी जाते. पाळणाघर जास्त वेळ उघडं ठेवणाऱ्या दोन आयांच्या पगारात ती राहिली असती. तिच्या जागी घेतलेल्या नवीन मुलीला तयार करायचा खर्च कुणी मांडत नाही, म्हणून आयांचा पगार महाग वाटतो.

८. घर म्हणजे भाड्याची खोलीसुद्धा

यवतमाळहून, बीडहून, केरळहून आलेल्या मुलीला रुग्णालय म्हणजे हॉस्टेल आणि मेसही. बाहेर खोली घ्यावी तर घरमालक विचारतो, ‘रात्री-अपरात्री येणार का?’ मे २०२० मध्ये कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून शेकडो परिचारिका आपापल्या राज्यांत परतल्या, त्यांत मणिपूरच्या बऱ्याच होत्या. कोविडची धास्ती होतीच, पण शेजाऱ्यांची वागणूक आणि गावाकडे जीव टांगणीला लागलेले आईबाप हीसुद्धा कारणं त्यांनी सांगितली. नाईटवरून येणाऱ्या मुलीला सकाळी दहालाही गरम नाश्ता देणारी मेस मी ज्या रुग्णालयात पाहिली, तिथला स्टाफ तुलनेने जुना होता.

९. अडकवून ठेवलेली माणसं

बॉन्ड लिहून घेणं, मूळ प्रमाणपत्रं ऑफिसच्या कपाटात ठेवणं. यावर मी जास्त लिहीत नाही. अशी राहिलेली मुलगी हजेरीपटावर असते, वॉर्डात नसते.

१०. परदेशी गेलेल्यांचं ऐकावं

आखात, आयर्लंड, इंग्लंड, आता जर्मनी. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही येतात. मुली जाणार. त्यांना कृतघ्न म्हणणाऱ्यांनी आपल्या मुलांच्या अमेरिकेतल्या नोकऱ्या आधी आठवाव्यात.

या मुली सुट्टीवर आल्या की भेटायला येतात. पैशांचं त्या पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकतात. मग सांगत बसतात ते वेगळंच. ‘मॅडम, तिकडे जेवायला अर्धा तास मिळतो म्हणजे मिळतोच. माझे पेशंट दुसरीकडे असतात, मी खाली बसून जेवते.’ दुसरी म्हणाली, रुग्णाला उचलायला यंत्र आहे, कंबर दुखायची थांबली. तिसरी म्हणाली, डॉक्टरांना नावाने हाक मारते आणि डोस चुकीचा वाटला तर देत नाही, कुणी रागावत नाही. आपल्याकडे स्टाफ ड्युटी रूममध्ये डबा उघडून दोन घास उभ्यानेच खातो, तेवढ्यात बेल वाजते. जेवणाचा अर्धा तास द्यायला व्हिसा लागत नाही.

११. सहाव्या महिन्यात विचारावं

राजीनामा हातात आल्यावर ‘का जातेस?’ विचारून काही मिळत नाही. तिला अनुभवाचा दाखला हवा असतो, ती गोडच बोलणार. त्यापेक्षा नोकरीच्या सहाव्या महिन्यात तिला एकटीला बोलवावं, चहा मागवावा आणि विचारावं, ‘अगं, उद्याच्या ड्युटीतली एक गोष्ट बदलायची असेल तर कुठली बदलशील?’ पगार वाढवा, असं मला फार थोड्या जणींनी सांगितलं. तो माझ्या हातात नाही हे त्यांना माहीत होतं.

बाकीची उत्तरं अशी. औषधांच्या ट्रॉलीचं एक चाक अडकतं, रात्री ती ढकलली की पेशंट जागे होतात. पिण्याचं पाणी दोन मजले खाली आहे. धोब्याच्या चादरी मोजायला रोज पाऊण तास जातो, त्या आम्ही का मोजायच्या? इन्चार्ज सिस्टर पेशंटसमोर ‘ए’ करून हाक मारतात. आमच्या बाजूची एसटी स्टँडवर पावणेसातला येते, तिथून चालत सव्वासात होतात, रोज लेट मार्क लागतो आणि तीन लेट मार्कांना अर्धा दिवस कापतात.

चाक त्याच आठवड्यात बदललं. पाण्याचा कूलर वर आला. चादरी हाउसकीपिंगकडे गेल्या, त्यांनी कुरकुर केली आणि मग मोजू लागले. इन्चार्जशी मी स्वतः बोलले, ती मनाला लावून घेऊन चार दिवस माझ्याशी बोलली नाही, पण ‘ए’ थांबलं. एसटीच्या मुलींसाठी हजेरी सव्वासातला धरा आणि सुटताना पंधरा मिनिटं पुढे ढकला, नाईटच्या सिस्टर तेवढं थांबायला तयार आहेत, असा कागद मी एचआरकडे पाठवला. संगणकात तशी पाळी बसत नाही, असं उत्तर आलं. ती बसवायला त्यांना पुढचा पावसाळा उजाडला, आणि तोवर त्या बाजूच्या दोघी गावाजवळच्या नर्सिंग होममध्ये कमी पगारावर रुजू झाल्या होत्या.